त्रास कुणाच्या आवाजाचा?

मोठा आवाज सहन होत नाही, असं कुणी म्हटलं की आपल्याकडे पुढचा प्रश्न ठरलेला असतो, ‘कुणाच्या आवाजाचा?’ डीजे म्हटलं की त्याचा एक अर्थ काढला जातो, भोंगा म्हटलं की दुसरा. तक्रार करणाऱ्याचं आडनाव बघितलं जातं, तो कुठल्या गल्लीत राहतो ते पाहिलं जातं आणि त्यावरून तक्रार खरी की खोटी ते ठरतं. त्या माणसाच्या कानाचं काय होतंय, हा विषय मात्र राहूनच जातो.

अशी माणसं प्रत्येक मोहल्ल्यात, प्रत्येक वाड्यात असतात. कुकरची शिट्टी झाली की ती दचकतात. दार आपटलं की छातीत धडधडतं. सुतळी बॉम्ब फुटला की बराच वेळ हात थरथरत राहतात. वरातीत ती सगळ्यांत मागे चालतात किंवा काहीतरी निमित्त सांगून घरीच थांबतात. घरचे म्हणतात, ‘फार नाजूक आहे.’ मित्र म्हणतात, ‘नाटकं करतो.’ या माणसांकडे समाजानं कसं पाहिलं, त्याचा गेल्या दीडशे-पावणेदोनशे वर्षांचा इतिहास तपासला तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. कानाचं दुखणं खरं होतं, पण त्यावरचा निवाडा माणूस बघून केला गेला.

गणिती आणि पेटीवाले

चार्ल्स बॅबेज हे नाव संगणकाच्या इतिहासात येतं. गणितं करणाऱ्या यंत्राची कल्पना त्यांनी एकोणिसाव्या शतकात मांडली आणि त्यावर आयुष्य घालवलं. त्यांच्या हयातीत लंडनचे सामान्य लोक मात्र त्यांना वेगळ्याच कारणासाठी ओळखत होते. रस्त्यावर वाद्यं वाजवणाऱ्यांशी भांडणारा म्हातारा, अशी त्यांची ख्याती होती.

तेव्हाच्या लंडनमध्ये दांडी फिरवून वाजवायची ऑर्गनची पेटी गळ्यात अडकवून माणसं दारोदार फिरत. जोडीला बँडवाले, बॅगपाइपवाले, ढोलवाले असत. पैसे मिळेपर्यंत ते दारातून हलत नसत. काही जण तर निघून जाण्याचेच पैसे घेत. बॅबेज यांचं काम सलग एकाग्रतेचं होतं. एकदा तंद्री तुटली की हिशेब पुन्हा पहिल्यापासून. त्यांनी गणितीच्या सवयीनं नोंदी ठेवल्या. साधारण 80-90 दिवसांत 165 वेळा आपल्या कामात व्यत्यय आला, असं त्यांनी लिहून ठेवलं. 1864 साली आलेल्या आत्मचरित्रात त्यांनी या उपद्रवावर एक पूर्ण प्रकरण लिहिलं आणि आपली चौथाई कार्यशक्ती यात वाया गेली, असा हिशेब मांडला.

त्याच प्रकरणात त्यांनी आणखी एक मुद्दा मांडला आहे. शहरात कुठल्याही क्षणी शंभरातली चार-पाच माणसं आजारी असतात. म्हणजे गजबजलेल्या रस्त्यावर पेटी वाजते तेव्हा ती कुठल्या ना कुठल्या आजारी माणसाच्या उशाशीच वाजत असते. हा मुद्दा आजही तितकाच खरा आहे.

लोकांनी त्यांचं म्हणणं ऐकलं का? उलट त्यांची थट्टा सुरू झाली. पोलिसाला शोधायला ते घराबाहेर पडले की पोरं आणि मोठी माणसं आरडाओरडा करत मागे लागत. एकदा तर शंभराहून जास्त लोक त्यांच्या मागे चालत होते. त्यांच्या घराच्या काचा फोडल्या गेल्या, दारात मेलेली मांजरं टाकली गेली. बॅबेजना त्रास होतो हे कळल्यामुळेच काही जण मुद्दाम त्यांच्या घरासमोर येऊन वाजवत. आवाजाला दचकणाऱ्या मुलाच्या कानाशी फुगा फोडणारी शाळेतली पोरं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे नवं वाटणार नाही.

त्याच वर्षी मायकेल बास या खासदारानं रस्त्यावरच्या संगीताला आवर घालणारं विधेयक आणलं. चार्ल्स डिकन्स, टेनिसन, थॉमस कार्लाइल यांच्यासारख्या मोठ्या नावांनी त्याला पाठिंबा दिला. घरात आजारपण असेल, रोजच्या कामात अडथळा येत असेल किंवा इतर वाजवी कारण असेल तर घरमालकाला वाजवणाऱ्याला दूर जायला सांगता येईल आणि तो हटला नाही तर त्याला 40 शिलिंगपर्यंत दंड होईल, असा कायदा झाला. गरिबांच्या वस्तीपर्यंत पोहोचणारं तेवढंच संगीत आहे, तेही हिरावून घेऊ नका, असा विरोधकांचा युक्तिवाद होता. त्यातही तथ्य होतंच.

आता यातली दुसरी बाजू पाहू. हे पेटीवाले बहुतेक इटलीतून आलेले गरीब स्थलांतरित होते. डोंगराळ भागात पोट भरेना म्हणून ते लंडनला आले आणि क्लार्कनवेलच्या कोंदट वस्तीत दाटीवाटीनं राहू लागले. त्यांतली कित्येक तर लहान मुलं होती. मुकादम त्यांच्याकडून दिवसभर काम करून घेई आणि कमाई स्वतःकडे ठेवी. ‘पंच’ या साप्ताहिकात या लोकांची व्यंगचित्रं छापून येत. त्यांत ते घाणेरडे, जनावरासारखे दाखवलेले असत. ती काढणाऱ्यांत जॉन लीच हा नामांकित चित्रकार होता. लीचला स्वतःला आवाजाचा खरोखर भयंकर त्रास होता. हृदयाचं दुखणंही होतं. 1864 च्या ऑक्टोबरमध्ये तो गेला तेव्हा रस्त्यावरच्या गोंगाटानंच त्याचा जीव घेतला, असं त्याचे मित्र म्हणत राहिले.

लीचच्या कानाचं दुखणं खरं होतं. त्याच्या चित्रांतला परक्यांविषयीचा तिरस्कारही खरा होता. एकाच तक्रारीत या दोन गोष्टी मिसळल्या की काय होतं ते इथे दिसतं. ज्यांना इटालियन नकोच होते त्यांना कानाचं निमित्त मिळालं. आणि ज्यांना फक्त शांतता हवी होती त्यांच्यावर गरीबद्वेष्टे असल्याचा शिक्का बसला.

पैसेवाल्यांची खोली

इतिहासकार कार्लाइल यांनी दुसरा मार्ग धरला. शेजारच्या कोंबड्यांनी आणि पियानोनं ते हैराण झालेले असत. शेजाऱ्यांकडे जाऊन कोंबड्यांचा बंदोबस्त करण्याची बोलणी त्यांची पत्नी जेन करत असे. शेवटी 1853 साली त्यांनी चेल्सीमधल्या घरावर दुहेरी भिंतींची, छतातून उजेड घेणारी खोली बांधून घेतली. तिथे बाहेरचा आवाज येणार नव्हता.

हा बेत फसला. जवळचे आवाज थोडे दबले, पण एरवी कानांवर न येणारे लांबचे आवाज त्या खोलीत ऐकू येऊ लागले. याच खोलीत बसून कार्लाइल यांनी पुढे अनेक वर्षं ग्रंथलेखन केलं, पण हवी होती ती शांतता काही मिळाली नाही. भिंती जाड करून हा प्रश्न सुटत नाही, हा त्यातला धडा आहे. आणि ज्याला दुहेरी भिंती परवडत नाहीत, त्यानं काय करायचं, हा प्रश्न तर उरतोच.

न्यूयॉर्कच्या शिट्ट्या

या प्रश्नाकडे वेगळ्या नजरेनं पाहिलं ते न्यूयॉर्कच्या ज्युलिया बार्नेट राइस यांनी. त्या श्रीमंत होत्या, वैद्यकीय शिक्षण घेतलेल्या होत्या आणि हडसन नदीकाठी मोठ्या घरात राहत होत्या. नदीतल्या टगबोटी रात्रभर शिट्ट्या वाजवत. त्यांतल्या काही शिट्ट्या गरजेच्या होत्या. बाकीच्या शिट्ट्या म्हणजे ओळखीच्या बोटीला रामराम किंवा किनाऱ्यावरच्या खलाशाला हाक.

राइसबाईंनी 1905 साली कोलंबिया विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना पैसे देऊन शिट्ट्या मोजायला बसवलं. एका रात्रीत जवळपास 3,000 शिट्ट्या भरल्या. ‘मला त्रास होतो’ एवढंच म्हणून त्या थांबल्या असत्या तर त्यांचाही बॅबेज झाला असता. त्या नदीकाठच्या इस्पितळांत गेल्या. सरकारी इस्पितळांत पडलेल्या गरीब रुग्णांना रात्री झोप मिळत नाही, याबद्दल डॉक्टरांचे जबाब त्यांनी गोळा केले. 1907 पर्यंत बोटींच्या अनावश्यक शिट्ट्यांवर कायद्यानं बंधन आलं आणि न्यूयॉर्कमध्ये इस्पितळांभोवती शांतता क्षेत्रं आखली गेली. त्यांच्या संस्थेच्या नावातच ‘अनावश्यक’ हा शब्द होता. शहरात आवाज होणारच, पण त्यातला कुठला टाळता येतो, एवढाच त्यांचा प्रश्न होता. इस्पितळाजवळ गोंगाट करणार नाही असं शाळकरी मुलांकडून वचन घेणारी मोहीमही त्यांनी चालवली. मार्क ट्वेन त्या मोहिमेचे मानद अध्यक्ष होते.

पुढे त्याच शहरात गोंगाटविरोधाच्या नावाखाली पोलिसांनी फेरीवाल्यांना हाकललं, हेही नोंदवायला हवं. पण राइसबाईंच्या पद्धतीतली एक गोष्ट टिकली. आवाज कुणाचा आहे हे बाजूला ठेवून तो किती आहे, कधी आहे आणि कुणाला लागतो, हे त्यांनी मोजलं.

तोफांनंतर

1914 साली महायुद्ध सुरू झालं आणि आवाजाला दचकणारी माणसं हजारोंच्या संख्येनं इस्पितळांत येऊ लागली. फेब्रुवारी 1915 मध्ये डॉ. चार्ल्स मायर्स यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात अशा सैनिकांविषयी लिहिलं आणि ‘शेल शॉक’ हा शब्द वैद्यकात रुजला. जवळ गोळा फुटल्यानं मेंदूला हादरा बसतो, असं आधी वाटलं होतं. नंतर लक्षात आलं की ज्यांच्या जवळ गोळा फुटलाच नव्हता, त्यांचीही अशीच गत झाली होती.

इथेही माणूस बघून निदान झालं. अधिकारी असेल तर त्याच्या नसा थकल्या म्हणायचं आणि त्याला आरामाला पाठवायचं. साधा शिपाई असेल तर त्याला हिस्टेरिया झाला म्हणायचं, किंवा सरळ भेकड ठरवायचं. हॅरी फार हा ब्रिटिश शिपाई 1915 साली शेल शॉकसाठी पाच महिने इस्पितळात होता. हात इतके थरथरायचे की बायकोला लिहायची पत्रं नर्सकडून लिहून घ्यावी लागत. त्याला पुन्हा आघाडीवर पाठवलं गेलं. एक दिवस त्यानं पुढे जायला नकार दिला आणि ऑक्टोबर 1916 मध्ये भेकडपणाच्या आरोपाखाली त्याला गोळ्या घातल्या गेल्या. त्याच्यासह अशा 306 सैनिकांना ब्रिटिश सरकारनं माफी दिली ती 2006 साली, 90 वर्षांनी.

याच युद्धात मेसोपोटेमियात, आजच्या इराकमध्ये, ‘पूना डिव्हिजन’ लढत होती. डिसेंबर 1915 ते एप्रिल 1916 असे 147 दिवस ती कुतच्या वेढ्यात अडकून तोफांचा मारा सोसत होती. तिच्यातल्या मराठा पलटणींमध्ये मराठ्यांच्या जोडीनं दख्खनी मुसलमान शिपाईही होते. एकाच खंदकात, एकाच गोळ्याच्या आवाजानं ते दचकत होते.

दुखण्याला नाव मिळालं

एच. बी. पर्लमन या कानाच्या डॉक्टरांनी 1938 साली ‘हायपरअक्युसिस’वर लेख लिहिला. इतरांना साधा वाटणारा आवाज असह्य मोठा वाटणं, असा त्याचा अर्थ. ऑटिझमचं पहिलं सविस्तर वर्णन करणाऱ्या लिओ कॅनर यांच्या 1943 च्या निबंधात मोठ्या आवाजांनी घाबरणारी मुलं आहेत. 1980 साली अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांनी पीटीएसडी हा विकार मान्य केला तेव्हा त्याच्या लक्षणांत अतोनात दचकणंही नोंदवलं. ठरावीक आवाजांची असह्य चीड येणं, याला ‘मिसोफोनिया’ हे नाव 2001 साली मिळालं. अर्धशिशीच्या रुग्णांना झटका आल्यावर आवाज नकोसा होतो, हे तर घरोघरी माहीत आहे.

यात नाटक नाही, हे शरीरच सांगतं. मध्यकानात एक अगदी छोटा स्नायू असतो. मोठा आवाज झाला की तो आकसतो आणि आत जाणारा आवाज थोडा कमी करतो. चेहऱ्याच्या अर्ध्या भागाला लकवा मारला की कधी कधी हा स्नायूही लुळा पडतो आणि त्या बाजूच्या कानाला साधे आवाज टोचू लागतात. इतर रुग्णांत मेंदूच आतला आवाज वाढवून ठेवतो, रेडिओचं बटण फिरवावं तसा. आणि दचकणं तर विचार करण्याआधीच घडतं. ‘मनावर घेऊ नकोस’ हा सल्ला म्हणूनच बिनकामाचा आहे.

कार्लाइल यांच्या खोलीचं कोडंही इथे थोडं उलगडतं. दिवसभर कानात बोळे घालून बसलं तर मेंदू ते बटण आणखी वाढवतो, म्हणून डॉक्टर ते टाळायला सांगतात. फटाके, वरात, यंत्रं अशा वेळी कान जरूर झाकावेत. एरवी मंद, सवयीच्या आवाजांत राहावं आणि कानाच्या डॉक्टरांना किंवा ऑडिओलॉजिस्टला दाखवावं.

आपल्या गावात

महाराष्ट्रात आवाजाचं भांडण जुनं आहे. 1894 साली येवला आणि पुण्यात मशिदीपुढच्या वाद्यांवरून दंगे झाले. तेव्हा ना डीजे होता, ना भोंगा. वाद्यं कुणाची आणि कुणाच्या दारावरून जाणार, यावर डोकी फुटली. आवाज किती मोठा होता याची चर्चा तेव्हाही नव्हती.

लाउडस्पीकर आला विसाव्या शतकात. त्याआधी तेराशे वर्षं अजान माणसाच्या गळ्यातून दिली जात होती. लाउडस्पीकर वापरावा की नाही, यावर उपखंडातल्या उलेमांमध्ये बरीच वर्षं वाद चालला. गणेशोत्सवही त्याच्याविना सुरू झाला होता. आज दोन्हीकडे तो धर्माचाच भाग असल्यासारखं बोललं जातं.

2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा घातली. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकरला बंदी आली. त्यात वर्षातल्या 15 दिवसांपर्यंत मध्यरात्रीपर्यंतची सवलत राज्य सरकार देऊ शकतं. 18 जुलै 2005 ला सर्वोच्च न्यायालयानं या विषयावर विस्तृत निकाल दिला. त्या याचिकेमागे एक भयंकर घटना होती. 13 वर्षांच्या मुलीवर अत्याचार होत असताना तिच्या किंकाळ्या लाउडस्पीकरच्या दणदणाटात कुणाला ऐकू गेल्या नव्हत्या. बोलण्याच्या स्वातंत्र्यात दुसऱ्याला जबरदस्तीनं ऐकवण्याचा हक्क येत नाही, ही भूमिका न्यायालयानं घेतली.

कायद्यातही एक उणीव आहे. निवासी भागाची मर्यादा सरासरीवर मोजली जाते. दचकणाऱ्या माणसाला सरासरी मारत नाही, त्याला एक सुतळी बॉम्ब मारतो. फटाक्यांसाठी वेगळी मर्यादा आहे, चार मीटरवर 125 डेसिबल. ती पाळली तरी अशा कानाला हा आवाज फारच मोठा आहे.

2022 साली भोंग्यांवरून राजकारण तापलं तेव्हा लंडनचीच गोष्ट पुन्हा घडली. ज्यांना भोंग्यापेक्षा भोंगेवाल्यांचाच त्रास होता, त्यांना कानाचं निमित्त मिळालं. ज्यांना खरोखर त्रास होता, ते दोन्हीकडे गप्प बसले. तक्रार केली तर आपण कुणाच्या बाजूचे ठरू, ही भीती होती. दक्षिण मुंबईतल्या काही मशिदींनी पहाटेची अजान भोंग्याविना द्यायचं ठरवलं. त्यात राजकीय दबाव होता हे उघड आहे. तरीही त्या वस्तीतल्या एखाद्या आजारी म्हाताऱ्याला त्यातून झोप मिळाली असेल, तर तीही खरीच. कुरआनात लुकमान आपल्या मुलाला आवाज खाली ठेवायला सांगतात. ती शिकवण कुणाच्या दबावाखाली आठवायची वेळ येऊ नये.

जानेवारी 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं कुर्ल्याच्या नेहरूनगरमधल्या रहिवाशांच्या याचिकेवर निकाल दिला. लाउडस्पीकर हा कुठल्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही, हे सांगतानाच न्यायालयानं पोलिसांना आणखी एक निर्देश दिला. तक्रार आली की तक्रारदाराची ओळख न विचारता कारवाई करा. बातम्यांत पहिल्या भागाची चर्चा जास्त झाली. मला दुसरा भाग जास्त मोलाचा वाटतो. ओळख विचारली नाही की आवाजाची तक्रार फक्त आवाजाचीच उरते.

हा निर्देश मशिदीच्या ट्रस्टला, गणेश मंडळाला, लग्नाच्या हॉलवाल्याला आणि नवा डीजे घेऊन आलेल्या पोराला सारखाच लागू पडतो. पण पोलीस येण्याआधी करता येण्यासारखंही पुष्कळ आहे. अचानक आलेला आवाज जास्त लागतो, त्यामुळे मिरवणूक कधी आणि कुठून जाणार हे आदल्या दिवशी कळवलं तरी निम्मा त्रास वाचतो. भोंग्याचं तोंड आणि आवाज दोन्ही मोजून घेता येतात. दचकणाऱ्या मुलाला शाळेत मागच्या बाकावर, घंटेपासून दूर बसवता येतं.

गावात एखाद्या घरी मयत झाली असली की वरात तिथे वाजंत्री बंद करते, थोडं पुढे गेल्यावर पुन्हा सुरू करते. त्यासाठी पोलीस लागत नाहीत, डेसिबलचं यंत्र लागत नाही, आणि घर कुणाचं आहे हेही कुणी विचारत नाही. घरातलं माणूस आजारी असताना, किंवा त्याचे कान आजारी असताना, एवढंच करायला हरकत नसावी.